मुलांना समजून घेणारा शास्त्रज्ञ : आल्फ्रेड बिने



दरवर्षी निकालाच्या दिवसांत एक-दोन पालक तरी येऊन विचारतात, की आमच्या मुलाचा आयक्यू काढून मिळेल का? एखादे आजोबा नातवाला पुढे करून सांगतात, की याचे डोके मुळातच बेताचे, जास्त अपेक्षा ठेवू नका. नातू शेजारीच उभा असतो आणि सगळे ऐकत असतो. आयक्यू नावाचा हा आकडा ज्यांच्या कामातून निघाला, ते फ्रेंच गृहस्थ १९११ सालीच वारले. त्यांनी स्वतः हा आकडा कधीही काढला नव्हता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव आल्फ्रेड बिने. मानसशास्त्र हे शास्त्र म्हणून उभे राहत होते, त्याच काळात ते वाढले, म्हणून त्यांच्या चरित्रात त्या शास्त्राचेही बालपण पाहायला मिळते.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस या गावी झाला. नीस तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते, १८६० मध्ये ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर आणि आई चित्रकार. दोघांचे पटले नाही आणि ते वेगळे झाले. मुलाला आईनेच वाढवले. लहानपणी आल्फ्रेड भित्रा होता, म्हणून त्याची भीती घालवण्यासाठी वडिलांनी त्याला एका प्रेताला हात लावायला लावला, अशी गोष्ट सांगतात. भीती गेली नाहीच, उलट ती आठवण जन्मभर राहिली. पुढे ते पॅरिसला लुई-ल-ग्रां या नामांकित शाळेत शिकले. १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमले नाही. मग वैद्यकीय शिक्षण सुरू केले, तेही प्रकृती ढासळल्यामुळे अर्धवट सुटले. आपल्याकडे एखाद्या मुलाने अशा दोन शाखा सोडल्या असत्या, तर घरात काय रामायण घडले असते याची कल्पना करावी. बिने यांच्या घरची परिस्थिती चांगली होती, त्यामुळे त्यांना थांबायला वेळ मिळाला. तो वेळ त्यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वाचण्यात घालवला. तिथेच त्यांच्या हाती मानसशास्त्राची पुस्तके पडली.

त्या वेळी मानसशास्त्र हा तत्त्वज्ञानाचाच एक कोपरा समजला जाई. जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा उघडली. आज मानसशास्त्राचा जन्म त्या वर्षापासून मोजतात. वुंट यांच्याकडे घंटेचा आवाज किंवा दिव्याचा प्रकाश देऊन माणसाला प्रतिसाद द्यायला किती वेळ लागतो ते मोजत, आणि शिकवून तयार केलेले निरीक्षक आपल्या मनात त्या क्षणी काय घडले ते सांगत. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ च्या लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात तीन पेन्स घेऊन लोकांची उंची, नजर, कान, हाताची ताकद मोजण्याचे दालन थाटले. तीक्ष्ण इंद्रिये म्हणजे तीक्ष्ण बुद्धी, असे त्यांचे मत होते. आणि हे सारे वंशातून उतरते, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. बिने यांना कोणीच गुरू नव्हता. ते सारे वाचून शिकले. १८८० मध्ये त्यांचा पहिला लेख आला, त्वचेवर जवळ-जवळ टेकवलेली दोन टोके दोन म्हणून केव्हा जाणवतात याबद्दल. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोझेफ देलबफ यांनी लगेच दाखवून दिले, की हे काम आपण आधीच केलेले आहे. नवशिक्या माणसाला ही चपराकच होती. पण तेओद्युल रिबो यांच्यासारख्या संपादकाने धीर दिला, म्हणून बिने टिकले.

यानंतर ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात दाखल झाले. तिथे झां-मार्टिन शार्को यांचे राज्य होते. मेंदूच्या आजारांचे हे मोठे जाणकार हिस्टीरियाच्या रुग्णांना संमोहित करून भरसभेत प्रयोग दाखवत. सिग्मंड फ्रॉइडही १८८५-८६ च्या हिवाळ्यात तिथे शिकायला आले होते. म्हणजे मनाच्या खोल तळाचा शोध घेणारी मनोविश्लेषणाची वाट आणि मुलांच्या बुद्धीचा शोध घेणारी बिने यांची वाट, दोन्ही याच रुग्णालयाच्या ओसरीवरून निघाल्या म्हणायच्या. बिने आणि त्यांचे सहकारी शार्ल फेरे यांनी संमोहित रुग्णांवर लोहचुंबकाचे प्रयोग केले. चुंबक सरकवला की उजव्या हाताची हालचाल डाव्या हाताकडे जाते, एवढेच नव्हे तर दुःखाची भावना बदलून आनंदाची होते, असे त्यांनी छापले. मोठाच शोध वाटला. देलबफ पुन्हा उभे राहिले. ते स्वतः पॅरिसला येऊन प्रयोग पाहून गेले. त्यांना दिसले, की रुग्ण बाईसमोरच डॉक्टर मोठ्याने चर्चा करत होते आणि पुढे काय व्हायला हवे ते तिला आधीच कळत होते. चुंबकात काही नव्हते, सूचनेत होते. नान्सी शहरातले डॉक्टर बर्नहाइम हेही तेच सांगत होते. बिने प्रथम तावातावाने भांडले, पण काही वर्षांनी त्यांना जाहीरपणे मान्य करावे लागले, की आपले चुकले.

मला त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शार्कोंसारख्या थोर माणसाच्या छायेत, तिशीच्या आत, सगळ्या युरोपासमोर फजिती झाली. दुसरा कोणी असता तर वकिलीकडे परतला असता. बिने यांनी मात्र त्या चुकीलाच अभ्यासाचा विषय केले. विचारणाऱ्याच्या मनात जे असते, ते उत्तर देणाऱ्याच्या तोंडून कसे निघते, हा प्रश्न त्यांनी पुढे कधीच सोडला नाही.

१८८४ मध्ये त्यांचे लग्न लोर बाल्बियानी यांच्याशी झाले. सासरे नामवंत जीवशास्त्रज्ञ होते. माडलेन आणि आलीस अशा दोन मुली झाल्या आणि घर हीच बिने यांची प्रयोगशाळा बनली. चालायला शिकताना माडलेन खुर्ची धरून, पुढचा आधार नीट पाहूनच पाऊल टाकी. आलीस मात्र हसत-डुलत खोलीच्या मध्यावर जाऊन पोचे, तिथे धरायला काही आहे की नाही याची फिकीर नसे. दोघी एका घरातल्या, एका आईबापांच्या, तरी रीत निराळी. बिने यांनी त्यांना रेघांची लांबी ओळखायला लावली, टेबलावर सोंगट्या मांडून कुठल्या जास्त ते विचारले. रेघा ओळखण्यात लहान मुलगी मोठ्या माणसाच्या जवळपास येत होती. सोंगट्यांच्या बाबतीत मात्र ती संख्येपेक्षा त्यांनी व्यापलेली जागा पाहून उत्तर देई. १८९० मध्ये हे लेख छापून आले. त्यातून त्यांना कळले, की नजर आणि स्पर्श मोजून बुद्धीचा पत्ता लागणार नाही. मूल आणि मोठा माणूस यांच्यातले अंतर डोळ्याकानात नसते. ते लक्ष देण्यात, समजण्यात आणि पारख करण्यात असते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात असल्या इंद्रियांच्या चाचण्यांचा आणि विद्यार्थ्यांच्या गुणांचा मेळ १९०१ मध्ये ताडून पाहिला, तेव्हा तो बसलाच नाही. बिने यांना हे दहा वर्षे आधी घरच्या घरी दिसले होते.

१८९१ मध्ये रूआं येथील रेल्वे स्टेशनावर त्यांची आणि सोर्बोन विद्यापीठातील प्रयोगशाळेचे प्रमुख आंरी बोनिस यांची गाठ पडली. बिने यांनी तिथेच काम मागितले. पगार नको म्हणाले. १८९४ मध्ये ते त्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि तेही बिनपगारी. त्याच वर्षी कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या वर्षी बोनिस यांच्यासह मानसशास्त्राचे एक वार्षिक सुरू केले. प्राध्यापकाच्या खुर्चीसाठी त्यांनी प्रयत्न केले, पण ती त्यांना फ्रान्समध्ये कधीच मिळाली नाही. ज्यांना शिकवायला वर्ग नव्हता, त्या माणसाने सगळ्या जगाच्या वर्गांवर परिणाम घडवला.

या काळात त्यांनी किती प्रकारचे विषय हाताळले! झाक इनोदी नावाचा एक तरुण होता, लहानपणी मेंढ्या राखणारा. तो प्रचंड मोठी गणिते मनात करी. बिने यांनी त्याला प्रयोगशाळेत बोलावले. इनोदीला आकडे ऐकू येत, तर दियामांदी नावाच्या दुसऱ्या गणकाला ते डोळ्यांपुढे दिसत. म्हणजे एकच करामत दोन मनांत दोन वाटांनी होत होती. बुद्धिबळाचा पट न पाहता खेळणाऱ्यांचाही त्यांनी अभ्यास केला. या खेळाडूंच्या मनात पटाचे हुबेहूब चित्र असेल, हा त्यांचा तर्क होता. तसे निघाले नाही. कसलेले खेळाडू सोंगट्यांचा रंग-आकार मनात ठेवत नव्हते, डावाचा अर्थ ठेवत होते.

१९०० मध्ये सूचनेच्या प्रभावावर त्यांचे पुस्तक आले. त्यातले प्रयोग शिक्षकांनी जरूर वाचावेत असे आहेत. मुलांना एकेक रेघ दाखवून तितकीच काढायला सांगत. पहिल्या काही रेघा क्रमाने वाढत जात, मग सारख्याच राहत. तरी बरीच मुले आपली रेघ वाढवीतच नेत, कारण वाढणार हे मनाने धरलेले असे. दुसऱ्या प्रयोगात पुठ्ठ्यावर काही वस्तू चिकटवून थोडा वेळ दाखवीत आणि मग प्रश्न विचारीत. बटण पुठ्ठ्याला कुठल्या दोऱ्याने शिवले होते, असा प्रश्न आला की मुले दोऱ्याचे वर्णन करू लागत. दोरा नव्हताच. मुले खोटे बोलत नव्हती, प्रश्नच तसा होता. त्याच सुमारास बिने शाळांतून मुलांच्या डोक्यांचे मापही घेत होते, कारण हुशार मुलांची डोकी मोठी असतात असे तेव्हाचे बडे शास्त्रज्ञ सांगत. फरक निघाला तो जेमतेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. त्यातही आपण आणि तेओदोर सिमों यांनी मोजलेल्या त्याच डोक्यांचे आकडे जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. आपली अपेक्षाच आपल्या हातातल्या मोजपट्टीला ढकलत असेल, ही शंका त्यांनी स्वतःच छापली आणि डोकी मोजणे जवळजवळ सोडून दिले. साल्पेत्रिएरचा धडा इथे कामी आला.

आता मुख्य कामाकडे वळू. फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले होते. त्यामुळे आजवर शेतात किंवा घरात राहणारी सगळ्या प्रकारची मुले वर्गात आली. काहींना काही केल्या शिकवलेले उमगेना. अशा मुलांचे काय करायचे यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक आयोग नेमला आणि बिने त्याचे सदस्य झाले. धोका मोठा होता. मतिमंद असा शिक्का बसला की मूल नेहमीच्या शाळेतून बाहेर जाणार. तो शिक्का कोणी मारायचा? शिक्षकाला खोडकर मूल वर्गात नको असते. आईबाप लाजेपोटी खरे सांगत नाहीत. आणि डॉक्टर? एकाच मुलाला एक डॉक्टर एक नाव देतो आणि थोड्याच दिवसांनी दुसरा डॉक्टर दुसरे, हे बिने आणि सिमों यांनी कागदपत्रांवरून दाखवले. म्हणून त्यांना एक अशी परीक्षा हवी होती, जी कोणीही घेतली तरी तेच उत्तर यावे, आणि जिच्यात मुलाची घोकंपट्टी नव्हे तर समज दिसावी.

१९०५ मध्ये त्यांनी तीस कामांची पहिली मोजपट्टी प्रसिद्ध केली. कामे अगदी साधी. जळती काडी फिरवली तर मूल नजर फिरवते का. चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतले खायचे कोणते ते कळते का. तीन आकडे ऐकून परत म्हणता येतात का. माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय. दिलेले तीन शब्द घालून एक वाक्य कर. घडी घातलेला कागद कापला तर उघडल्यावर कसा दिसेल. परीक्षा एकेका मुलाची, शांत खोलीत, आपुलकीने बोलून घ्यायची आणि घाईने निष्कर्ष काढायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयावार लावले. तिसऱ्या वर्षी नाक, डोळे, तोंड दाखवता यावे. पाचव्या वर्षी चौकोन पाहून काढता यावा. आठव्या वर्षी वीसपासून शून्यापर्यंत उलटे मोजता यावे. यातून मुलाची मानसिक पातळी कळे. ती पातळी आज काय आहे एवढेच कळे. मूल जन्मतः तसे आहे किंवा पुढेही तसेच राहील असा अर्थ काढायचा नाही, हे त्यांनी वारंवार लिहिले. ब्रुसेल्समध्ये देक्रोली आणि देगां यांनी हीच परीक्षा घेतली, तेव्हा तिथली मुले पॅरिसच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाने पुढे निघाली. चौकशी करता कळले, की ती सुखवस्तू घरांतली, खासगी शाळेतली मुले होती. बिने यांनी हा आक्षेप टाळला नाही. घरची भाषा आणि घरची सुबत्ता उत्तरांत उतरते, हे त्यांनी १९११ च्या सुधारित आवृत्तीच्या वेळी विचारात घेतले.

पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरील एका प्राथमिक शाळेत त्यांनी १९०५ मध्ये प्रयोगशाळा उघडली. मुख्याध्यापक व्हिक्तोर वाने यांची साथ होती. एका मुख्याध्यापकाचे नाव या इतिहासात आहे, याचा मला थोडा जास्तच आनंद होतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा. मागे पडलेल्या मुलांचा खास वर्ग निघाला. तिथे अभ्यासाआधी बिने यांनी वेगळेच व्यायाम सुरू केले. वाकड्या पाठीला जसे डॉक्टर व्यायाम देतात, तसे मनाला. पहिला खेळ पुतळ्यांचा. खूण झाली की जसे असाल तसे निश्चल उभे राहायचे. पहिल्या दिवशी हसणे, ढकलाढकली, सगळा गोंधळ. काही दिवसांत तीच मुले पुतळ्यासारखी उभी राहू लागली. मग स्मरणाचा खेळ. नऊ वस्तू काही क्षण दाखवायच्या आणि आठवून लिहायच्या. एकदा काही खासदार वर्ग पाहायला आले आणि कुतूहलाने तेही खेळले. सभागृहात बसणारी ही मंडळी त्या तथाकथित मंद मुलांपुढे हरली. मुलांना सराव होता, खासदारांना नव्हता, आणि सरावाने काय होते हेच बिने यांना दाखवायचे होते. १९०९ मध्ये फ्रान्समध्ये अशा खास वर्गांचा कायदा झाला. त्याच वर्षी बिने यांनी मुलांविषयीच्या नव्या विचारांवर पुस्तक लिहिले. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी रास आहे, असे मानणाऱ्यांवर त्यांनी त्यात सडकून टीका केली.

या सगळ्या धबडग्यात ते आंद्रे द लोर्द यांच्याबरोबर रंगभूमीसाठी थरकाप उडवणारी नाटकेही लिहीत. ती पाहायला गर्दी होई. शांत चेहऱ्याच्या या गृहस्थांच्या मनात आणखी काय-काय दडले होते, कोण जाणे.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि आयक्यू जन्माला आला. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथे याला बुद्धि-लब्धि म्हणत. मराठीत बुद्ध्यांक म्हणतात. मला हिंदी शब्द जास्त बरा वाटतो. लब्धी म्हणजे भागाकारातून आलेले फळ, तेव्हा हा आकडा कुठून आला ते तरी त्यातून समजते. अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी बिने यांची परीक्षा १९०८ मध्येच इंग्रजीत नेली होती. पण त्यांनी आणि टर्मन यांनी तिचा अर्थ उलटा लावला. बुद्धी वंशातून येते आणि बदलत नाही, या गाल्टन यांच्या मताला त्यांनी बिने यांची मोजपट्टी जोडली. बोटीतून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांची परीक्षा झाली. पहिल्या महायुद्धात सुमारे सतरा लाख सैनिकांच्या चाचण्या झाल्या, त्याही एकेकट्याने आपुलकीने नव्हे, घोळक्याने. कॅरी बक नावाच्या तरुणीचे मानसिक वय नऊ ठरवून तिच्यावर नसबंदी करण्याचा हुकूम निघाला, आणि १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ज्या परीक्षेचा हेतू मुलाला मदत मिळावी हा होता, तिच्या नावावर हे घडले. सिमों पुढे १९६१ पर्यंत जगले. आपल्या मोजपट्टीतून एका आकड्याचा शिक्का तयार झाला, याचे त्यांना अखेरपर्यंत वाईट वाटत होते.

शास्त्र मात्र पुढे गेले. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी मनाची गोष्टच सोडा, फक्त वर्तन पाहा, असा वर्तनवाद मांडला आणि बरीच दशके तोच चालला. पण १९१९ नंतर झां पियाजे नावाचा एक स्विस तरुण पॅरिसला आला. सिमों यांनी त्याला ग्रांज-ओ-बेलच्या त्याच शाळेत मुलांच्या चाचण्या घेण्याचे काम दिले. बरोबर उत्तरे मोजता-मोजता त्याला चुकीच्या उत्तरांतच रस वाटू लागला, कारण एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. मुलांच्या विचारांच्या विकासाचे त्याचे सारे काम तिथून सुरू झाले. बिने यांच्या माडलेनच्या सोंगट्या इथे पुन्हा टेबलावर आल्या.

आपल्या भाषेशीही या गोष्टीचा धागा आहे. धारवाडकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या परीक्षेचे मराठी आणि कन्नड रूप तयार केले, आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. पॅरिसच्या मुलांसाठी लिहिलेले प्रश्न इथल्या घरांत जसेच्या तसे चालण्यासारखे नव्हते. नाणी वेगळी, शब्द वेगळे, रोजच्या पाहण्यातल्या वस्तू वेगळ्या. त्यामुळे आपल्या मुलांना बोलावून, त्यांच्याच बोलीत विचारून, कोणत्या वयाला काय येते ते पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागले.